दोन दिवस, एक टू-डू लिस्ट आणि माझा पारा

आत्ता घरी आलेय, बॅग अजून खांद्यावरच आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

'अ‍ॅडव्हान्स्ड वेब अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट, फक्त अनुभवी प्रोग्रामर्ससाठी.' ट्रेनिंगच्या माहितीपत्रकावर 'फक्त' ठळक अक्षरांत होतं. दोन दिवस त्या खोलीत बसून आले. पहिले दोन तास कशात गेले? नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल करण्यात. मग 'कंपोनंट म्हणजे काय'. आणि मग, ओळखलंच असेल तुम्ही, नवशिक्यांचा ठरलेला धडा: टू-डू लिस्ट. 'पुस्तक परत करणे' असं लिहायचं, टिक केलं की त्यावर रेघ. खोलीत वीसेक माणसं, बहुतेकांनी दहा-दहा वर्षं प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालू असलेली सिस्टिम, सांभाळलेलं, रात्री-अपरात्री सर्व्हर उठवलेले. आणि सगळे मिळून 'पुस्तक परत करणे'वर रेघ मारत होते!

खरं तर तेवढ्याने माझं डोकं फिरलं नसतं. फिरलं ते दुसऱ्या दिवशी. माझ्या शेजारी एक शांत मुलगा बसला होता, पाचेक वर्षांचा अनुभव असेल. त्याने हात वर केला. "ही लिस्ट मी दोन टॅबमध्ये उघडली आणि दोन्हीकडे एकच आयटम एकाच वेळी बदलला, तर कोणाचा बदल राहणार?" अख्ख्या दोन दिवसांतला एकमेव अ‍ॅडव्हान्स्ड प्रश्न. ट्रेनर हसून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, पण तो आपल्या स्कोपमध्ये नाही." पुढची स्लाइड.

स्कोपमध्ये नाही?! अहो, मग स्कोपमध्ये आहे तरी काय?

माझ्या ओळखीच्यांना ही गोष्ट पाठ आहे, तरी सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी पेमेंटचं पान लिहिलं होतं. एका रात्री तक्रार आली, एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले. मी लगेच शहाणपणा केला. 'पैसे भरा'वर क्लिक झालं की जावास्क्रिप्टने बटण बंद. झालं काम, जा घरी. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि या वेळी एक नाही, चार ग्राहक. माझा सीनियर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "बटण बंद केलंस. नेटवर्क बंद केलंस का?"

ते वाक्य आजही कानात आहे. झालं असं होतं की पहिली रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली होती, पैसेही कापले गेले होते, फक्त उत्तर यायला उशीर झाला. आमच्याच कोडने 30 सेकंद वाट बघितली, कंटाळला आणि तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली. बटणाचा काही संबंधच नव्हता. पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला माहिती देऊन काम करायला लावणारी विनंती, दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकतं, एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे, मात्र दोन शिकवले होते.

फ्रेमवर्कवरून आठवलं. अँग्युलरजेएस नावाचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क 2010 मध्ये आलं तेव्हा मी त्याच्या मागे वेडी झाले होते. त्याची डायजेस्ट सायकल, म्हणजे डेटा बदलला की पान कसं बदलतं ते, झोपेत सांगितली असती. 2021 च्या डिसेंबरअखेर त्याचा सपोर्ट संपला आणि माझं ते सगळं ज्ञान अडगळीत गेलं. आता ईटॅग घ्या, म्हणजे पानाच्या प्रत्येक आवृत्तीला सर्व्हर देतो ती खूण. तो 1997 च्या एचटीटीपी 1.1 मध्ये आला; एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम. ब्राउझर विचारतो, 'माझ्याकडे ही प्रत आहे, बदललीय का?' सर्व्हर म्हणतो 304, म्हणजे 'नाही, तीच वापर', आणि मजकूर पुन्हा पाठवतच नाही. मग 2015 मध्ये एचटीटीपी 2 आलं, 2022 मध्ये एचटीटीपी 3 आलं, खालची सगळी वाहतूक बदलली, आणि हे संभाषण होतं तसंच आहे. हाच ईटॅग इफ-मॅच हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या सूचनेत, पाठवला, तर 'मी पाहिलेली प्रत मधल्या काळात बदलली असेल, तर माझा बदल घेऊ नको' असंही सर्व्हरला सांगता येतं. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं एक सरळ उत्तर दहा मिनिटांत देता आलं असतं. दहा मिनिटं! नोड इन्स्टॉल करायला दोन तास होते.

बरं, मान्य करते, नवं फ्रेमवर्कही शिकावं लागतं. कामावर तेच मागतात. पण त्यासाठी त्याचं डॉक्युमेंटेशन आहे ना, चांगलं लिहिलेलं, फुकट. दोन दिवस खोलीत कोंडून घ्यायची गरज नाही.

सिक्युरिटीला किती स्लाइड? एक. 'पासवर्ड हॅश करा', म्हणजे परत वाचता येणार नाही असा साठवा. धन्यवाद. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल आहे. म्हणजे यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्याचं बिल दिसतं, कारण लॉगिन आहे का एवढं तपासलं आणि हे बिल याचंच आहे का, ते तपासायचं राहिलं. गंमत म्हणजे त्यांच्या टू-डू अ‍ॅपमध्येही हेच होतं. मी पत्त्यातला 7 काढून 8 टाकला आणि शेजाऱ्याची लिस्ट उघडली! शिवाय याद्यांच्या पानावर एन प्लस वन: सगळ्या याद्यांसाठी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, आणि मग प्रत्येक यादीसाठी आणखी एक. 100 याद्या दाखवायला 101 क्वेरी. मी दोन्ही दाखवलं. "ते प्रॉडक्शनमध्ये बघून घ्या." हो, बघतोच आम्ही. रात्री दोन वाजता बघतो.

जरा शांत होते.

ट्रेनरचा दोष नाही, हे मलाही कळतं. त्यांना स्लाइड आयत्या हातात मिळालेल्या होत्या, आणि खोलीत जावावाले, पीएचपीवाले, फक्त फ्रंटएंडवाले असे सगळे एकत्र. कोणाला ती टू-डू लिस्ट उपयोगीही पडली असेल. असेल बाबा.

पण मला त्या पेमेंटच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचाच आहे, कारण माझं खरं ट्रेनिंग तेवढंच झालं. माझ्या कोडमध्ये तपासणी होती. आधी डेटाबेसमध्ये सिलेक्ट, म्हणजे शोध, करून बघायचं, या ऑर्डरचं पेमेंट झालंय का? नसेल तर इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद. मी म्हटलं, हे तर बरोबर आहे. सीनियरने काही समजावलं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडायला लावल्या. दोन्हीत बिगिन, म्हणजे व्यवहार सुरू. दोन्हीत सिलेक्ट. दोन्हीकडे शून्य ओळी. दोन्हीत इन्सर्ट, दोन्हीत कमिट, म्हणजे बदल पक्का. दोन पेमेंट. मी स्वतःच्या हाताने ग्राहकाचे पैसे दोनदा कापले होते, आणि कुठेही एक एरर नव्हता.

मग त्याने टेबलात एक कॉलम वाढवायला सांगितला. प्रत्येक पेमेंटसाठी ब्राउझरनेच एक की, म्हणजे वेगळी ओळखखूण, तयार करायची, पुन्हा पाठवताना तीच की पाठवायची, आणि त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच की दोनदा येऊ न देण्याचा नियम. पुन्हा दोन खिडक्या. पहिलीत इन्सर्ट झालं. दुसरीत तेच इन्सर्ट टाकलं आणि काहीच झालं नाही. ना ओके, ना एरर. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मला वाटलं हँग झालं, मी कंट्रोल-सी दाबणार, तोच त्याने माझा हात धरला. "थांब. तो पहिलीची वाट बघतोय." पहिलीत कमिट टाकलं, आणि त्याच क्षणी दुसरीत डुप्लिकेट कीचा एरर. एरर बघून इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तो एरर पकडायचा आणि पहिल्या पेमेंटचं उत्तर परत द्यायचं, एवढंच मग उरलं होतं.

वीस मिनिटं लागली असतील. स्लाइड नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं. आज मात्र सर्टिफिकेट मिळालंय, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून.

निघताना त्या मुलाला गाठलं. त्याला म्हटलं, तुझा प्रश्न स्कोपमध्ये होता, स्कोपच चुकला होता. दोन खिडक्यांचं सगळं सांगितलं, नंबर दिला आणि म्हटलं, घरी जाऊन करून बघ. पुढे काय होतं ते मुद्दाम सांगितलं नाही.

हे टाइप करत असतानाच त्याचा मेसेज आला. स्क्रीनचा फोटो, आणि खाली: "मॅडम, दुसरी खिडकी अडकलीय. माझं काही चुकलं का?"

मी लिहिलं, "काही चुकलं नाही. आता पहिलीत कमिट कर."