गुडघ्यांनी वाजवायचे वाद्य

टेक्सासमधील ऑस्टिन या शहराने १९९१ साली ‘लाइव्ह म्युझिक कॅपिटल ऑफ द वर्ल्ड’ ही पदवी स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात घातली, आणि जगातील इतर शहरांनी त्यावर हरकत घेतली नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून येथे विमानतळावर विमानाची वाट पाहणाऱ्या माणसाचीही गाण्यापासून सुटका होत नाही. अशा राजधानीत राहणाऱ्याने एक तर ऐकावे किंवा वाजवावे. मी दोन्ही करतो आणि दोन्हींचा खर्च माझ्याच खिशातून होतो. दिवसा मी एका कंपनीत संगणकप्रणालीतील दोष शोधतो आणि शनिवारी रात्री एका कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण बाजाच्या, बँडमध्ये पेडल स्टील गिटार वाजवून नव्या दोषांचा पुरवठा करतो.

येथे कंट्री संगीताचा नाद लागला की पंचांगाची गरज उरत नाही. बरेच बँड वर्षानुवर्षे एकाच वारी एकाच ठिकाणी वाजवतात, त्यामुळे पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसे येथील रसिक वार लावून ऐकतात. साउथ लमार रस्त्यावर ‘ब्रोकन स्पोक’ हे १९६४ सालचे नाचघर आहे. ते उभारणारे जेम्स व्हाइट २०२१ मध्ये गेले, दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या, पण मधोमध ही बसकी लाल वास्तू हटून बसली आहे. तिचे छत इतके ठेंगणे आहे की उंच गायकाने टोपी घालावी की गावे, याचा निर्णय आधीच करून यावे. उत्तरेकडे बर्नेट रस्त्यावर ‘लिटल लाँगहॉर्न’ नावाचे चिमुकले पेयगृह आहे, तेथे रविवारी दुपारी कोंबडीचा बिंगो होतो. आकडे लिहिलेल्या फळ्यावर पिंजरा ठेवतात, दाणे टाकतात, कोंबडी आत सोडतात, आणि ती ज्या आकड्यावर घाण करील, त्या आकड्याचे तिकीट असणारा जिंकतो. बाजूला बँड मन लावून वाजवत असतो. त्या गर्दीतून मी बँडकडे पाहत होतो तेव्हा माझ्या लक्षात आले की एवढ्या गर्दीत बँडकडे पाहणारा मी एकटाच आहे, आणि तरीही मला त्यांच्या जागी बसण्याची इच्छा झाली. अशा इच्छांना वेळीच आवर घालणारे वडीलधारे माणूस परदेशात जवळ नसते.

माझ्या या दुर्दशेचे मूळ पेटीत आहे. लहानपणी मी सांगलीला पेटी शिकलो. पेटीवर सगळे निघते, फक्त मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तब्बल तीन दशके तिच्यावर बंदी घातली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची जी हौस माझ्या बोटांत लहानपणापासून तुंबून राहिली होती, तिला पेडल स्टील ऐकताच वाट मिळाली. हे वाद्य मुळी घसरण्यासाठीच बनवलेले आहे. आडव्या चौकटीवर दहा तारा, पडदे नाहीतच, त्यांच्या जागी नुसत्या रेघा. उजव्या हाताला तीन नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत दांडी, डाव्या पायाखाली तीन पेडली, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारी चौथी, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या चार-पाच तरफा, ज्या मांडी हलवून डावी-उजवीकडे ढकलायच्या. डाव्या पायाच्या पहिल्या दोन पेडली एकदम दाबल्या की पंचमाचा धैवत होतो आणि गांधाराचा मध्यम, मात्र षड्ज जागचा हलत नाही. कंट्री गाण्यातील तो ओळखीचा हुंदका बहुतेक वेळा याच दोन पेडलींतून येतो. ऐकणाऱ्याला वाटते की वाजवणाऱ्याचे हृदय भरून आले आहे. प्रत्यक्षात त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आलेला असतो.

या वाद्याशी आपले नाते तसे दूरचे नाही. तारेवर पोलाद सरकवून वाजवण्याची पद्धत हवाई बेटांवरून निघाली आणि दोन्हीकडे गेली. आपल्याकडे तिच्यावर व्हॅन शिप्ले यांनी हिंदी चित्रपटांतील गाणी वाजवली, ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट यांनी राग वाजवले. टेक्सासमध्ये ती बॉब विल्स यांच्या बँडमध्ये लिऑन मॅकऑलिफ यांच्या हातून नाचघरांत पोहोचली. पुढे १९५४ साली गाजलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स यांनी पेडल दाबून वाजणारी तार ताणली, आणि देशभरातील स्टीलवादकांनी आपापली वाद्ये उलटी करून त्यांच्या पोटात सळ्या बसवायला सुरुवात केली. हा सगळा इतिहास मी आमच्या घरी पुष्कळदा सांगितला आहे. आई व्हिडिओ कॉलवर वाद्याकडे बराच वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, “शिवणाचं मशीन बरं घेतलंस. पण बाळा, चाक कुठंय याचं?”

वाद्याचे वजन पेटाऱ्यासकट तीस किलोच्या आसपास भरते. गिटारवाला येतो तो पाठीला गिटार लावून, शीळ घालत. गायिका येते ती हातात पाण्याची बाटली घेऊन. मी दोन खेपांत येतो, आणि त्यानंतर जमिनीवर उताणा झोपून वाद्याचे पाय स्क्रूने बसवतो, पेडलींच्या सळ्या अडकवतो, मग उभा राहून सारे पुन्हा तपासतो. एवढ्यात कोणीतरी सज्जन येऊन त्या सपाट, सोयीस्कर उंचीच्या पृष्ठभागावर आपला बिअरचा पेला ठेवतात. ऑगस्टमध्ये गाडीच्या डिकीत भाजून निघालेले वाद्य थंडगार दालनात आले की दहाही तारांचे स्वर दहा दिशांना जातात. मग खुंट्या जुळवायच्या. त्या जुळल्या की प्रत्येक पेडलीने तार किती चढावी हे ठरवणारे बारके नट एका टोकाला असतात, ते छोट्या पान्याने फिरवायचे. गांधार किंचित उतरता ठेवावा लागतो, नाहीतर तो सुरांच्या मेळात टोचतो. पेटीवर आयुष्य काढलेल्या कानाला हा उतरता गांधार ऐकून आधी संशय येतो आणि मग समाधान वाटते. हे समाधान साधारण दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकते. त्यानंतर तिसरी तार तुटते. स्टीलवादकांच्या जगात तिसऱ्या तारेचे तुटणे हा अपघात मानला जात नाही. ती सर्वांत बारीक, आणि पेडल तिला वारंवार ताणते. ती तुटते ते नेमकी माझ्या एकट्याच्या वादनाच्या आरंभी, आणि तुटलेले टोक माझ्या मनगटावर येऊन मला कळवते की झाले.

आमच्या म्होरक्याचा स्वरलेखनावर विश्वास नाही, तो बोटांवर चालतो. कोणत्या पट्टीत गायचे ते तो गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी पाठीमागे हात नेऊन बोटांनी दाखवतो: त्या पट्टीत जितके तीव्र स्वर तितकी बोटे वर, जितके कोमल तितकी खाली. येथील सगळ्यांना हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असावे. माझ्या डोक्यात मात्र अजून पेटीच्या पट्ट्या आहेत. एक बोट वर म्हणजे माझी पांढरी पाच, एक बोट खाली म्हणजे पांढरी चार. तीन बोटे वर म्हणजे पांढरी सहा. दोन बोटे वर म्हणजे पांढरी दोन, आणि आमचे दोघांचे एकमत होण्याची ही एकमेव जागा असल्याने त्या पट्टीतील गाणी मी विशेष उत्साहाने वाजवतो. चार बोटे दाखवली की ती माझी पांढरी तीन होते. पण गाणे सुरू झाल्यानंतर हीच चार बोटे वर आली तर त्यांचा अर्थ पट्टी असा नसून चौथ्या स्वरावरचा मेळ असा होतो, आणि ती केवळ माशी हाकलण्यासाठी वर आली असतील तर काहीच होत नाही. जूनमध्ये बाहेरच्या मंचावर माश्या फार असतात.

एवढे करूनही हे संगीत ऐकणाऱ्यांसाठी नसते, ते नाचणाऱ्यांसाठी असते, आणि हे समजायला मला सर्वांत अधिक वेळ लागला. टेक्सासमधील जुनी नाचघरे पुष्कळशी जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांनी बांधली. ऑस्टिनच्या दक्षिणेला न्यू ब्राउनफेल्समधील ‘ग्रीन हॉल’ १८७८ सालचे आहे आणि आजही तेथे लाकडी जमिनीवर शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या जमिनीवर भुकटी टाकून ती निसरडी ठेवतात, जेणेकरून बुटांचे चामडी तळ अलगद सरकावेत. टू-स्टेप या जोडीने करायच्या नाचाची चाल दोन जलद, दोन संथ अशी असते, आणि सारी जोडपी दालनाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. जलद जोडपी बाहेरून, सावकाश जोडपी आतून, आणि शिकाऊ मंडळी मध्यभागी. आयुष्यभर प्रदक्षिणा घातलेल्या माणसाचे पाय मुळात उजवीकडेच वळतात. पहिल्यांदा नाचायला आलेल्या आमच्या मराठी मंडळींनी त्या रात्री वाहतुकीची जी कोंडी केली, तशी मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरही पाहिलेली नाही.

या नाचणाऱ्यांत एक आजोबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे असावे. जीन्सला खळ घालून अशी कडक इस्त्री केलेली की घडीने कागद कापावा, डोक्यावर पांढरी टोपी, खांदे सरळ. ते बँडकडे कधीही पाहत नाहीत, पण आमची खरी परीक्षा तेच घेतात. आमच्या ढोलवाल्याची लय पहिल्या बिअरनंतर सुधारते आणि तिसऱ्यानंतर धावू लागते. तेव्हा आजोबा जोडीदारणीला नम्रपणे कडेला उभी करतात, स्वतः मंचापाशी येतात आणि टोपीच्या काठाला बोट लावून मृदू स्वरात विचारतात, “पोरांनो, तुम्हाला कुठं गाडी पकडायची आहे का? मला नाही.” या प्रश्नावर म्होरक्या शरमेने ढोलवाल्याकडे बघतो, ढोलवाला माझ्याकडे बघतो, आणि मी तिसऱ्या तारेकडे बघतो. एकदा त्यांनी माझ्याकडे वळून सांगितले की मुला, तू त्या संथ गाण्यात फार स्वर वाजवतोस, त्यांपैकी निम्मे पुढच्या शनिवारसाठी ठेव. मी ते मनावर घेतले आहे. आता ठेवलेले स्वर इतके साचले आहेत की ते कधी संपतील असे वाटत नाही.

मोबदला म्हणाल तर मंचाच्या काठावर एक काचेची बरणी असते. चार तासांच्या वादनानंतर ती रिकामी करून नोटा सारख्या वाटतात, आणि वाटा घेताना नेहमी म्होरक्या म्हणतो की आजचा दिवस बरा गेला. माझ्या वाट्यातून पेट्रोल आणि तिसऱ्या तारांचा एक जुडगा निघतो. बरणीत कधी कधी नोटेऐवजी चिठ्ठी असते, एखाद्या गाण्याच्या फर्माइशीची, आणि गंमत म्हणजे ते गाणे बहुधा नॅशव्हिल या कंट्रीच्या मोठ्या बाजारपेठेतील आजच्या झकपक ढंगाचे असते. तशी फर्माइश वाचताना म्होरक्याचा चेहरा असा होतो, जणू कोणी चक्कीवर येऊन पास्ता मागितला. खरा कंट्री कोणता, या विषयावर येथे फार भांडू नये. ज्याची बाजू घ्याल त्याला तुम्ही फार अलीकडचे वाटता.

सर्वांत मोठा बदल घरात झाला. सुरुवातीला सौभाग्यवती या प्रकाराला माझे वेड म्हणत असे, आणि मंचाच्या जवळच्या मेजावर बसून फोनवर मालिका बघत असे. मग एका शनिवारी त्या आजोबांनी तिच्यापुढे टोपी काढून उभे राहत नाचासाठी विचारले. आजोबांना नाही म्हणणे तिला जमले नाही, आणि नंतर टू-स्टेप जमला. आता तिच्याकडे माझ्यापेक्षा चांगले बूट आहेत, गुडघ्यापर्यंतचे, आणि दालनातील अर्धी जनता तिला नावाने ओळखते. मला ते ‘तिचा नवरा, ते टेबल वाजवणारा’ असे ओळखतात. तिच्याशी नाचायला रांग असते. घरी परततानाच्या गाडीत ती मला लय कुठे सुटली ते गाण्यागणिक सांगते, आणि तिचे म्हणणे आजोबांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळते.

गेल्या आठवड्यात म्होरक्याने विचारले की येत्या गुरुवारी एके ठिकाणी जागा रिकामी आहे, पाच तासांचे वादन आहे, जेवण फुकट. मी म्हटले, बायकोला विचारून सांगतो. तिने ऐकून घेतले, फोनवरील वार बघितले आणि म्हणाली, “गुरुवारी नाही जमायचं रे. गुरुवारी आम्ही सगळे दक्षिणेकडच्या त्या नव्या जागी नाचायला जाणार आहोत. तूही चल हवं तर, बस ऐकत. तिथला स्टीलवाला फार चांगला वाजवतो.”