रिकन्सिडर : वाक्यात उपयोग करा

मुंबईत राहायचे तर एक इंग्रजी क्रियापद वापरता आलेच पाहिजे : रिकन्सिडर, म्हणजे फेरविचार करणे. मेंटेनन्स वाढला, पार्किंग भलत्यालाच मिळाले, रजा नामंजूर झाली की मराठी माणूस आधी मराठीत चिडतो आणि मग इंग्रजीत अर्ज करतो. चिडण्याचे व्याकरण आपल्याला उपजत येते. अर्जाचे तेवढे शिकून घ्या.

क्रियापद बहुधा सकर्मक चालते, तेव्हा कर्म थेट लावायचे : ‘प्लीज रिकन्सिडर युअर डिसिजन’. मध्ये ‘अबाउट’ घालायचे नाही. शेवटी ‘अगेन’ नको, कारण ‘पुन्हा’ त्या ‘रि’मध्येच बसलेला आहे. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ यांपैकी एकालाच बोलवा. आता हे सगळे विसरा आणि लिहा : ‘प्लीज काइंडली रिकन्सिडर अबाउट युअर डिसिजन वन्स अगेन’. समोरचाही असेच लिहितो. शुद्ध इंग्रजीतला अर्ज दिसला की त्याला वाटते, वकिलाकडून लिहून आणला आहे, आणि तो कागद आणखी वरच्या टेबलावर सरकतो.

पुढे क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लागतो. ‘रिकन्सिडर टू रेझ’ चूक, ‘रिकन्सिडर रेझिंग’ बरोबर. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही रचना पाठच करावी. ‘द कमिटी विल रिकन्सिडर रेझिंग द मेंटेनन्स’ अशी नोटीस लावा. सभासद समजतील वाढ टळली. कमिटी समजेल वाढीचा विषय पुन्हा घ्यायचा आहे. दोन्ही अर्थ वाक्यात खरोखरच बसतात, त्यामुळे नंतर कोणी भांडायला आलेच तर नोटीस बोर्डाकडे बोट दाखवता येते.

काळाची निवड महत्त्वाची. सर्वांत सुरक्षित तो चालू वर्तमान : ‘वी आर रिकन्सिडरिंग’. याला शेवट नाही. भविष्यकाळात कर्मणी प्रयोग करा, ‘युअर रिक्वेस्ट विल बी रिकन्सिडर्ड इन ड्यू कोर्स’ (यथावकाश), म्हणजे कर्ता कोण हा प्रश्नच उरत नाही. पूर्ण वर्तमान मात्र टाळा. ‘वी हॅव रिकन्सिडर्ड’ म्हटले की लोक लगेच विचारतात, मग काय ठरले?

राजीनामा दिल्यावर साहेब ‘प्लीज रिकन्सिडर’ म्हणाले तर वाक्यात पगारवाढीचा आकडा आहे का ते बघा. आकडा नसेल तर तो निरोप समारंभ समजा.

हे क्रियापद फक्त बघण्याचे वचन देते, बदलण्याचे नाही. खुद्द राज्यघटनेत ते असेच वापरले आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना अधिकार मिळाला की मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवता येईल. फेरविचारानंतर तोच सल्ला आला तर मात्र तो मानावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयातली फेरविचार याचिका ३० दिवसांत दाखल करायची असते, आणि शक्य तोवर ज्यांनी निकाल दिला तेच न्यायाधीश, सहसा वकिलांच्या तोंडी युक्तिवादाशिवाय, आपल्या दालनात ती तपासतात. तेव्हा तुमचा अर्ज ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर पोचला तर सेक्रेटरीला नावे ठेवू नका. परंपरा मोठी आहे.

कर्ता बदलला तर निर्णयही बदलतो, पण मग तो थांबत नाही. मुंबईच्या मेट्रो ३ ची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, आरेच्या झाडीत व्हायची होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने काम थांबवले, ऑक्टोबर २०२० मध्ये जागा कांजूरमार्गला हलवली, डिसेंबरात तिथल्या कामाला उच्च न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ मध्ये आणखी नवे सरकार आले आणि कारशेड आरेत परतली. दोन हजारांवर झाडे मात्र पहिल्या फेरविचाराच्या आधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये तोडून झाली होती. झाडांच्या बाबतीत हे क्रियापद भूतकाळात चालत नाही.

कर्ता तोच राहून निर्णय बदलल्याचा अपवादही नोंदवला पाहिजे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. ओरड झाली, फेरविचार झाला, आणि १७ जूनच्या निर्णयात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आले. हिंदी मात्र राहिलीच. मग ५ जुलैला मुंबईत मोर्चा ठरला. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोर्चा निघणार असेल तर अर्जातले इंग्रजी कोणी तपासत नाही.

तुमच्या सोसायटीतही निर्णय बदलायची सोय आहे, फक्त ती या क्रियापदाने चालत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेचा ठराव रद्द करणारा ठराव सहा महिन्यांच्या आत आणता येत नाही, म्हणून आधी तारीख मोजा. मग एक पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा करा. ४० सभासद असतील तर आठ पुरतात. अशी मागणी गेली की विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्यात बोलवावी लागते. मागणीपत्रात सभेचे विषय नेमके लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच म्हणून तारीख-शिक्का घ्या. त्यात रिकन्सिडर कुठेही येऊ देऊ नका. तेवढा शब्द सापडला तरी सेक्रेटरी ते पत्र ‘इन ड्यू कोर्स’च्या फायलीत लावून मोकळे होतील.