रविवारचा लाँग रन आणि नंतरची मिसळ

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की दरवर्षी एक लाट येते. रविवारी संध्याकाळपर्यंत निम्म्या ओळखीच्यांच्या डीपीवर दातात मेडल धरलेला फोटो. सोमवारी ऑफिसात, "यंदा मीपण सुरू करतोय, दहा किलो उतरवायचेत." आणि होळीपर्यंत बूट परत खोक्यात.

लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. मुळात हिशेबच चुकीचा मांडलेला असतो. सपाट रस्त्यावर पळताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी जळते. ८० किलोचा माणूस ५ किमी पळाला की झाल्या ४००. एक किलो चरबीत असतात अंदाजे ७,७००. करा भागाकार! खाणं आहे तेवढंच ठेवून नुसतं पळून एक किलो घालवायचा तर शंभरेक किलोमीटर लागतात. आणि खाणं आहे तेवढंच राहत नाही, कारण पळून आल्यावर भूक खवळते.

पळणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपचा रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, संपल्यावर बघा. सगळी वरात थेट मिसळीच्या दुकानात. टी-शर्टवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या, घड्याळातले आकडे एकमेकांना दाखवणं चाललेलं, आणि मधूनच "जरा कट आण रे, पाव पण दोन." वर "आज पळालोय ना, चालतं" हे आहेच. मिसळीशी माझं काही वाकडं नाही, मीही त्याच बाकड्यावर असतो. फक्त वजनाचा काटा हलत नाही म्हणून पळण्याच्या नावाने खडे फोडू नका. वजनाचा निकाल बराचसा ताटात लागतो.

मग पळायचं कशाला? दोन जिने चढून धाप लागत नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते, बसल्या जागीची नाडी काही महिन्यांत खाली येते. काट्यावर एक किलो उतरला नसतानाही पँट कमरेला सैल होऊ शकते. पण हे कुणी स्क्रीनशॉट काढून टाकत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

दुसरी गोष्ट पेसची, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याची. आपल्याकडे 'किती पळालास' याच्या आधी 'किती पेस' विचारतात. नवखा माणूस लाजेपोटी पहिल्याच दिवशी सुसाट सुटतो, अर्ध्या किलोमीटरवर कंबर धरून उभा राहतो आणि आठवड्याभरात नडग्या दुखवून घेतो. अहो, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील एवढंच हळू पळा. जमत नसेल तर दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला. बागेतल्या काकू चालत पुढे गेल्या तर जाऊ द्या की!

गुडघ्यांचं भूत तर घरोघरी आहे. "पळून वाट्या झिजतील" म्हणणारे काका स्वतः दिवसभर खुर्चीतून उठत नाहीत. हौसेने, बेताने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज बैठ्या लोकांपेक्षा कमीच आढळली आहे. मात्र आधीच दुखणं असेल किंवा वजन फारच जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवून, चालण्यापासून सुरुवात करा.

आणि ज्यांनी पहिल्याच वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय त्यांच्यासाठी. २१ किमीत यवतेश्वरचा घाट चढायचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून चढाचा सराव सगळे करतात. पण तोच घाट उतरून परत यायचंय. उतारावर प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक मारत असतात. सराव नसेल तर दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना देव आठवतो. तेव्हा आत्तापासून आठवड्यातून एकदा उतारही पळा, छोटी पावलं टाकत. पळायच्या अगोदर पोट साफ आणि नंतरचे पाव मोजून, एवढं बाकी आपापलं बघा.