सकाळच्या कोमट पाण्याबाबतच्या एक-तारा अभिप्रायास उत्तर

आदरणीय भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या सेवेला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. जळगावात थंडीच्या दिवसांत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि अशा वेळी मुलांच्या शाळेच्या घाईत सोसायटीच्या सामायिक गरम पाण्याच्या नळातून कोमट पाणी आले, याबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागतो. पाणी कोमट होते, यात वाद नाही.

मात्र "यंत्रणा सुधारायचे सोडून डेटाच्या नावाखाली आमच्याच नळावर खापर फोडले" हे वाक्य मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहितो. गच्चीवरील सौर पॅनेल आणि हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून पाणी तापवणारे यंत्र) यांनी टाकीतले पाणी 60 अंशांवर ठेवले जाते, ते पंपाने प्रत्येक विंगेतून फिरून परत टाकीत येते, आणि परतीच्या प्रत्येक पाइपवर आम्ही तापमानाचा सेन्सर बसवला आहे. रात्री सगळे नळ बंद असताना परतीच्या पाण्याने फार तर दोन-तीन अंश गमवावेत. इतर विंगांत तसेच होत होते. आपल्या विंगेत मात्र पावणेबारानंतर तापमान एकदम घसरून पहाटेपर्यंत वर येत नव्हते. वापर नसताना पाणी गार होते, याचा अर्थ कुठून तरी गार पाणी आत शिरत होते.

ते कुठून शिरते हे अंदाजाने नव्हे, एकेका घराचा अँगल कॉक (नळाकडे जाणारे पाणी बंद करण्याची चावी) आळीपाळीने बंद करून शोधले. आपल्या स्नानगृहात मिक्सरच्या (गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या) दोन्ही चाव्या उघड्या होत्या आणि पाणी फक्त हँड शॉवरच्या खटक्याने अडवलेले होते. गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप असल्याने तिचा दाब जास्त. ते पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत जाऊन रात्रभर सगळ्या विंगेत फिरत होते. गरम लाइनीचा पाइप माठासारखा गार लागतो, हे आपण स्वतः हात लावून पाहिले होते. कॉक बंद केल्यावर वीस मिनिटांत तोच पाइप तापला, आपल्याकडे चहाही झाला, आणि निघताना आपण समाधानी दिसलात. त्याआधी आमच्या तंत्रज्ञास "मालकांना पाठवा" म्हणून दारातूनच दोनदा परत पाठवले गेले, आणि अभिप्रायातले "चार दिवस कोणी फिरकले नाही" हे त्याच चार दिवसांबद्दल आहे. मला याचे वाईट वाटते, त्या मुलाला अधिक वाटले.

"हे परदेशी खूळ आहे" असेही आपण म्हटले आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे दोन-तृतीयांश घरे सामायिक उष्णताजाळ्यावर, म्हणजे एका ठिकाणी तापवून पाइपांनी घरोघरी पोचवलेल्या गरम पाण्यावर, चालतात, आणि परतीचे पाणी फार गरम येत असेल तर तेथील अनेक कंपन्या ग्राहकाकडून जादा आकार घेतात, कारण त्या घराने उष्णता नीट वापरलेली नसते. त्यांची तक्रार परतीचे पाणी गरम येण्याची, आपली गार येण्याची. दोष सापडतो तो मात्र परतीच्या पाइपवरच. बिलाचे म्हणाल तर शंभर लिटर पाणी 20 वरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट उष्णता लागते, आणि रात्री शिरलेले गार पाणी तापवण्याचा खर्च सगळ्या विंगेवर पडला.

आमची चूकही सांगतो. परतीच्या तापमानाचा आलेख तीन आठवडे आमच्याकडे होता, पण आम्ही दिवसाची सरासरी पाहत राहिलो आणि रात्र पाहिली नाही. शिवाय प्रत्येक घराच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) सुरुवातीलाच बसवायला हवा होता. ते काम लवकरच हाती घेत आहोत.

भुसावळ आणि अमळनेरच्या दोन सोसायट्यांनी आपला अभिप्राय दाखवून मला जाब विचारला, म्हणून हे उघडपणे लिहावे लागले. तारे आपल्या मर्जीचे आहेत; "खापर" हा शब्द मात्र कृपया पुन्हा एकदा वाचून पाहावा.

आपला नम्र,
संचालक