‘बापाने बापासारखं राहावं’ म्हणे!

गेल्या आठवड्यात आईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर दोन गुलाब, खाली ‘प्रत्येक नव्या बापाला पाठवा’. सार असं: पहिले सहा महिने बापाने बाळाला उचलू नये, हाताची सवय लागते. बाळ सांभाळणाऱ्या पुरुषाचं पुरुषत्व कमी होतं, हे ‘अमेरिकन संशोधनाने सिद्ध’ झालंय. मुलांशी खेळणाऱ्या बापाचा धाक राहत नाही. मुलीची अंघोळ, वेणी बापाने करू नये. आपल्या संस्कृतीत असली थेरं नव्हती. आणि बापाचं प्रेम पाकिटातून दिसतं, मांडीवरून नाही.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण धाकट्या भावाची मुलगी अडीच महिन्यांची आहे, आणि हे वाचल्यापासून हा गडी तिला लांबूनच ‘अले अले’ करतोय. हात मागे बांधून, गाभाऱ्याबाहेर उभं राहिल्यासारखा. म्हणून हा खटाटोप.

आधी ती हाताची सवय. पोरगी जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमची होती. सिझर झालेलं, तिच्या आईला उठवत नव्हतं. तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनेच याला शर्ट काढायला लावला, पोर नुसत्या लंगोटावर याच्या छातीशी धरली आणि वरून ओढणीने बांधली. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली, आणि आज कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही तीच सांगते. आईला जमत नसेल तेव्हा बाप चालतो, आजीही चालते. ऊब देणाऱ्याला मिशा आहेत का, हे बाळ बघत नाही. मग जी छाती दवाखान्यात औषध होती, ती घरी आल्यावर वाईट सवय कशी झाली?

आणि लागू दे की सवय. टिकते किती दिवस? माझी मुलगी सहा वर्षांची आहे. परवा रस्ता ओलांडताना तिने माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं.

आता पुरुषत्व. मेसेजमधला सगळ्यात विनोदी मुद्दा, आणि भावाला खरा झोंबलेला हाच. (तो कबूल करणार नाही, पण मी त्याला ओळखतो.) इथे चडफडत एक गोष्ट मान्य करावी लागते, की असं संशोधन खरंच आहे. संशोधक अमेरिकेतले, पण तपासलेली माणसं फिलिपीन्सच्या सेबूमधली. २००५ मध्ये त्यांनी ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मोजलं. तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते. साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. मधल्या काळात ज्यांना बायको मिळाली, मूल झालं, त्यांचं चांगलंच घसरलं होतं. रोज तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलांचं करणाऱ्या बापांचं तर, त्यात हातही न घालणाऱ्या बापांपेक्षा कमी. २०११ मध्ये हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. इथपर्यंत मेसेज बरोबर.

पण गुलाबवाल्या लेखकाने पुढचं वाचलेलं दिसत नाही. त्याच निबंधात असंही आहे, की ज्या सड्या पोरांचं टेस्टोस्टेरॉन सुरुवातीला जास्त होतं, तीच पुढे बाप होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे आधीच मिळमिळीत असलेले पुरुष बाळ घेऊन बसले, असा प्रकार नाही. तगडे गडीच बाप झाले आणि मग त्यांच्या शरीराने गिअर बदलला. जोडीदार मिळवायची धावपळ संपली, आता पोर जगवायचं काम. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली म्हणून इंजिन बिघडलं असं कुणी म्हणत नाही. आणि संशोधकांनी यातून काढलेला अर्थ तर मेसेजच्या थेट उलटा आहे: पुरुषाचं शरीर मुलांचं करण्याला असा प्रतिसाद देतं, त्या अर्थी माणसाच्या उत्क्रांतीत बापानेही पोरं सांभाळलेली असणार. ज्या कागदाचा आधार घेऊन भावाला बाळापासून लांब बसवलं, तोच कागद त्याला सांगतोय, की बाबा रे, तू यासाठीच घडलेला आहेस.

धाकाबद्दल फार बोलत नाही. आमच्या घरात धाक भरपूर होता. त्यामुळे मी नववीच्या सहामाहीत गणितात नापास झालो, ते अण्णांना दहावीत कळलं.

मुलीच्या अंघोळीचा मुद्दा मात्र घाणेरडा आहे. ज्या बापाच्या हाती मुलीची अंघोळ सोपवायची नाही, त्याच्या हाती मुलगी तरी कशी सोपवता? बाकी वेणीचं मी स्वानुभवाने सांगू शकतो. महिन्यातला एक आठवडा माझी तिसरी पाळी असते. सकाळी साडेसातला घरी पोचतो, आठ वाजून दहा मिनिटांनी तिची व्हॅन येते. मधल्या चाळीस मिनिटांत दोन वेण्या, लाल रिबिनी. माझा भांग सरळ येत नाही. “बाबा, आज उजवी वेणी झोपलीये,” असं ती आरशात बघून सांगते, पण सोडून परत घालू देत नाही. वेणी चालू असताना मान हलवायची नसते, म्हणून तोंड चालतं. रात्रीचं स्वप्न, डब्यातल्या भाजीवरची तक्रार, कोण कुणाशी कट्टी आहे. समोरासमोर बसवून विचारलं तर यातलं एक अक्षर सांगत नाही. बायको म्हणते, आण इकडे, दोन मिनिटांत घालते. तिला जमेल, माहितीये. मी देत नाही.

संस्कृतीचं म्हणाल, तर जनाबाईंच्या अभंगातला विठोबा डोळ्यांपुढे आणा. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, बंका कडेवर, नामा करंगळीला. त्याच्या धाकाचं काय झालं असेल? सरकारलासुद्धा उमजलंय. केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगीत तसा कायदा नाही. मला तीन दिवस मिळाले, तेही पगार कापून.

राहिलं पाकीट. यात अर्धं खरं आहे आणि ते नाकारलं तर अण्णांवर अन्याय होईल. ते एसटीत कंडक्टर होते. आठवड्यातले तीन-चार दिवस मुक्कामाची गाडी. आम्हाला कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या पगारावर आम्ही वाढलो, आणि ते प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण जूनमधल्या एका रविवारी ते आम्हा दोघांची सगळी पुस्तकं पुढ्यात घेऊन खाली बसायचे. खाकी कागद, डिंकाची बाटली. नखाने घडी मारायचे आणि वेबिल भरायच्या त्याच अक्षरात लेबलांवर आमची नावं लिहायचे. भाऊ त्यांच्या पाठीवर चढून बघायचा. त्यांनी कधी उतर म्हटलं नाही. पाकीट त्या वेळी खुंटीवरच्या शर्टात असायचं.

हे सगळं मी भावाला फोनवर ऐकवलं. तो हूं हूं करत राहिला. परवा रात्री पावणेदोनला, मी पाळीवर असताना, त्याचाच फोन आला.

“दादा, दूध पिऊन वीस मिनिटं झाली. खांद्यावर घेऊन थोपटतोय, ढेकर निघत नाही. किती वेळ थोपटायचं असतं?”

मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून मी ओरडून विचारलं, कोण थोपटतंय?

“हळू बोल,” तो म्हणाला, “आई उठेल.”