देवाचा इतिहास वाचला म्हणून देव कमी होत नाही

कुणाला धर्माच्या इतिहासाचं पुस्तक सुचवलं की समोरचं एखादं वडीलधारं माणूस म्हणतंच, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये." त्यामागे काळजी असते, हे कळतं मला. आपण ज्याच्यापुढे हात जोडतो ते वाचता वाचता हातातून निसटून जाईल, ही भीती असते. तरीही मला ते पटत नाही. काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात कादंबऱ्यांचं कपाट सोडून मी शेजारच्या कपाटाकडे वळले. तेव्हापासून इतिहास, संतचरित्रं, आत्मचरित्रं हेच वाचतेय. माझी श्रद्धा कुठेही गेलेली नाही. उलट आता ती माझी स्वतःची झाली आहे, आधी ती फक्त घरातून मिळालेली होती.

आमचं घर बाळीवेशीतलं. घरात कानडी, शाळा मराठी, शेजार तेलुगू. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची गोष्ट आज्जीकडून ऐकलेली. गुरं राखणारा अबोल पोरगा, जंगमाच्या, म्हणजे लिंगायत साधूच्या वेशात आलेला मल्लय्या (श्रीशैलचा मल्लिकार्जुन), त्याच्यासाठी दहीभात आणायला घरी पळालेला हा, परत येतो तर जंगम नाही. मग "मल्लय्या, मल्लय्या" म्हणत श्रीशैलची वाट. ही गोष्ट तेराव्या शतकात राघवांक नावाच्या कवीनं कानडीत लिहून ठेवली आहे, हे मला चाळिशीत कळलं. आज्जीला अक्षरओळख नव्हती. पण तिनं सांगितलेली गोष्ट सातशेहून जास्त वर्षं तोंडातोंडी आणि पानोपानी चालत आली होती. हे वाचलं त्या दिवशी मला आज्जीची फार आठवण आली.

त्यापुढचं तर आज्जीनं कधी सांगितलंच नव्हतं. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्तांच्या संवादांचा 'शून्यसंपादने' नावाचा कानडी ग्रंथ आहे. त्यात शरणांमधले थोर संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आपल्या सोलापूरला येतात. तळ्याचं काम चालू असतं. अल्लमप्रभू सिद्धरामांचा उल्लेख खणकाम करणारा म्हणून करतात. कामावरची माणसं खवळतात, दगड उचलतात. मग दोघांची गाठ पडते आणि वाद होतो: तळी खणली, देवळं बांधली, पण आतल्या माणसाचं काय? ज्यांची आपण पूजा करतो त्यांना कुणीतरी इतका टोकदार प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न पचवून ते कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले, अनुभवमंटप या शरणांच्या चर्चासभेत पुढे प्रमुखाच्या शून्यसिंहासनावर बसले. मला सिद्धराम यात जास्त मोठे दिसले. त्याच तलावाच्या कडेनं कामावर जाताना आता घाट नुसता दिसत नाही, तिथे माती वाहणारी माणसं दिसतात. आणि सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या लग्नसोहळ्यात संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा "दिड्डम दिड्डम" म्हणताना माझा आवाज पूर्वीपेक्षा कमी होत नाही.

पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं, त्याला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जाडजूड पुस्तक आहे, पहिली पन्नास पानं चिकाटीनं वाचावी लागतात. ढेरे दाखवतात की विठ्ठल हा मुळात धनगर-गवळ्यांचा देव, बिरोबाशी जोडी असलेला, आणि पुढे त्याच्यात एकेक प्रवाह मिसळत गेला. सासऱ्यांनी मला ते वाचताना पाहिलं आणि म्हणाले, "काय वाचलालीस गं? विठोबाला धनगर करून टाकलं की त्यानं!" मी म्हटलं, "मामा, दिवाळीत हुलजंतीला तुम्हीच नेलं होतं की आम्हाला." मंगळवेढ्याजवळच्या त्या गावात बिरोबाच्या आणि महालिंगरायाच्या पालख्या भेटतात. भंडारा इतका उडतो की बायकांच्या साड्या, पोरांच्या भुवया, देवळाच्या पायऱ्या सगळं एका रंगाचं होतं. लोकर उधळतात, खोबरं उधळतात, ढोल पोटात वाजतो. त्या भंडाऱ्यातून पंढरीच्या देवाकडे वाट जाते, असं एक अभ्यासक सगळे पुरावे मांडून सांगतो. यात विठोबाचं काय कमी झालं? ज्या दलितांना १९४७ पर्यंत त्या मंदिरात पाऊल टाकता येत नव्हतं, ज्यांच्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, त्यांनी हे पुस्तक वाचावं आणि ज्यांनी दार अडवलं होतं त्यांच्या नातवंडांनी तर आधी वाचावं.

सगळीच पुस्तकं अशी नसतात. चमत्कारांची नुसती माळ लावलेली चरित्रं मी चार पानांत मिटते. श्रद्धावानांची टर उडवायला लिहिलेलीही तशीच मिटते. ज्या लेखकाला माणसाच्या श्रद्धेबद्दल आदर आहे आणि पुराव्याबद्दलही आहे, तोच माझा लेखक. आपल्या गावानं अशा कामाला पूर्वी पैसा आणि जागा दिलेली आहे, हे किती सोलापूरकरांना माहीत आहे? फलटण गल्लीतल्या जैन संस्कृती संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमाला चालवली, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारखे पंडित तिचे संपादक होते. १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत जैन ग्रंथाचा पहिला भाग इथून निघाला. चादरीच्या गावानं प्राकृत ग्रंथ जगाला दिले, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण मला सगळ्यात जवळची वाटतात ती साध्या माणसांनी लिहून ठेवलेली आयुष्यं. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली. 'माझा प्रवास' छापून आला १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात. बंडावर अधिकारी लोकांनी ग्रंथ लिहिले असतील, पण गंगाजळ सांडू नये म्हणून जपणारा माणूस या भटजींमुळेच आपल्याला दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा बायकोच्या मनात आणि स्वयंपाकघरात काय झालं, हे कुठल्या धर्मेतिहासात सापडणार? ते 'स्मृतिचित्रे'त सापडतं.

इथे मला आमच्या घराचं वाईट वाटतं. १९३० च्या मे-जूनमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली जात होती. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली. तारीख नीट पाहा. संक्रांत दोन दिवसांवर. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. त्या वर्षी आमच्या घरातल्यांनी यात्रेची पांढरी बाराबंदी घातली का? आज्जीच्या सासूनं सुगडं पूजली का? चौघांपैकी कुणाला आमच्या गल्लीत कुणी ओळखत होतं का? आमचं घर तेव्हाही तिथेच होतं, माणसं होती, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आणि आमच्याकडे त्याची एक ओळ नाही. जमिनीचे कागद आहेत, सोन्याच्या पावत्या आहेत, एका विहिरीच्या भांडणाची सगळी फाईल आहे.

म्हणून सध्या रविवारी दुपारी मी वही घेऊन सासऱ्यांसमोर बसते. ते जुन्या गिरणीत होते, ऐंशी ओलांडली आहे. "माझं काय लिहिणार तू?" असं आधी म्हणाले. मोठे प्रश्न विचारले की ते गप्प होतात, म्हणून मी छोटे विचारते. पहिल्या पगारातून काय आणलं? भोंगा किती वाजता व्हायचा? यात्रेतल्या उंच नंदीध्वजाला पहिल्यांदा खांदा दिला तेव्हा मागे कोण होतं? या शेवटच्या प्रश्नावर ते तासभर बोलले. मागे एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला मित्र होता, तोल गेला तेव्हा त्यानं पाठीला हात लावून सावरलं. त्याचं नाव, त्याचं घर, त्याच्या मागावरच्या साडीचा रंगसुद्धा त्यांना आठवतो. ते जसं बोलले तसंच मी लिहिलंय, अर्धं कानडी, अर्धं मराठी.

सोलापूरकरहो, तुमच्या घरात १९३०-३१ ची ऐकीव का होईना आठवण असेल तर लिहून काढा. कानडीत, तेलुगूत, उर्दूत, दखनीत, जशी आठवते तशी. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी मी येऊन लिहून घेईन. शहराच्या पूर्व भागातल्या कुणाच्या घरी माग चालवणाऱ्या आजोबांची जुनी वही असेल तर ती रद्दीत घालण्याआधी मला एक फोन करा.