गणपतराव देशमुख : ११ विजय खरे, ‘सलग’ आणि ‘अपराजित’ खोटे

दरवर्षी ३० जुलै, म्हणजे पुण्यतिथी, जवळ आली की सांगोल्याचे दिवंगत आमदार भाई गणपतराव देशमुख यांच्यावरचा एक मजकूर फोटोसकट फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, दावे मात्र ठरलेले. १९६२ पासून सलग ११ वेळा आमदार. एकाच मतदारसंघात ५५ वर्षे. एकदाही पराभव नाही. मंत्रिपदाला कधी हात लावला नाही. करुणानिधींचाही विक्रम मोडला, देशात असा दुसरा आमदार नाही. आणि शेवटी २०१९ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवले.

पक्ष कधी बदलला नाही हे खरे. शेतकरी कामगार पक्षात सुरुवात, शेकापमध्येच शेवट. ११ हा आकडाही खरा. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात गफलत आहे. मजकूर लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण पराभव झाकून ठेवले की आबासाहेबांच्या, म्हणजे गणपतरावांच्या, कारकिर्दीतला सर्वांत अवघड भागच गायब होतो. हरल्यावर त्याच मतदारसंघात, त्याच पक्षाकडून परत उभे राहायचे आणि जागा परत घ्यायची, हे त्यांनी दोनदा केले. महाराष्ट्रात हे फार थोड्यांना जमले आहे.

आधी नुसती नोंद पाहू.

१९६२, १९६७ : विजय
१९७२ : पराभव
१९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९० : विजय
१९९५ : पराभव
१९९९, २००४, २००९, २०१४ : विजय

म्हणजे २ अधिक ५ अधिक ४. बेरीज ११. सर्वांत लांब सलग मालिका ५ विजयांची, ११ ची नव्हे. १९६२ ते २०१४ या काळातल्या १२ सार्वत्रिक निवडणुकांपैकी १० जिंकल्या, २ हरल्या, आणि अकरावा विजय पोटनिवडणुकीतला.

‘एकदाही पराभव नाही’

पहिला पराभव १९७२ चा, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिरा गांधींच्या काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा नेल्या आणि शेकाप ७ वर आला. त्या लाटेत सांगोला गेला यात नवल नाही. नवल पुढचे आहे. मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली, १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि राज्यात काँग्रेसची एवढी मोठी सत्ता असताना देशमुखांनी ती जिंकली. पोटनिवडणुकीत सरकारचे सगळे बळ एकाच तालुक्यावर लावता येते, त्यामुळे विरोधी उमेदवाराला ती सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा जड जाते. फिरत्या मजकुरात नेमका हाच विजय दिसत नाही, कारण तो सांगायचा तर आधी १९७२ सांगावे लागते.

दुसरा पराभव १९९५ चा. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी देशमुखांना १९२ मतांनी हरवले. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली. ती ८० जागांवर अडकली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. सांगोल्यात मात्र उलटे घडले आणि काँग्रेसने जागा मिळवली. सबंध राज्याचा वारा बघून सांगोल्याचा निकाल सांगता येत नाही, हे त्या वर्षी पुरेसे स्पष्ट झाले होते. पुढची साडेचार वर्षे देशमुख सभागृहाबाहेर होते. १९९९ ला लोकसभेबरोबरच विधानसभेची निवडणूक थोडी आधी घेतली गेली, तेव्हा ते परतले आणि मग २०१९ पर्यंत हलले नाहीत.

‘११ नव्हे, १० च’

हा उलटा दावाही अधूनमधून येतो आणि तो करणारे स्वतःला जास्त चौकस समजतात. चूक कुठे होते ते सांगता येते. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे वेगळे असतात. १९६२ पासून २०१४ पर्यंतचे सगळे अहवाल एकेक करून उघडले तर विजेता म्हणून देशमुखांचे नाव १० वेळा सापडते. १९७४ ची पोटनिवडणूक यातल्या कुठल्याच अहवालात नाही, कारण ती सार्वत्रिक नव्हती. पोटनिवडणुकांची नोंद वेगळी शोधावी लागते.

पडताळणी करायची असेल तर आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. आयोगाच्या कागदांत मतदारसंघ बहुधा ‘सांगोले’ या नावाने येतो, त्यामुळे ‘सांगोला’ टाकून शोधले की हाती काही लागत नाही. आणि मतदारसंघाचा क्रमांक कायम नसतो. आज तो २५३ आहे, पण जुन्या अहवालात हा क्रमांक पाहिला तर भलत्याच ठिकाणचा निकाल समोर येतो. उमेदवाराचे पूर्ण नाव गणपतराव अण्णासाहेब देशमुख. जुन्या यादीत आडनाव आधी, नाव नंतर असे छापलेले असते. विजेत्यांच्या यादीवर न थांबता तपशीलवार निकालाचा भाग उघडावा, म्हणजे १९७२ आणि १९९५ ला ते दुसऱ्या क्रमांकावर दिसतात. विजेत्यांच्या यादीत पराभव दिसत नाहीत, आणि ‘अपराजित’ हे मिथक बहुधा तिथूनच वाढते.

‘५५ वर्षे आमदार’

हा आकडा ११ गुणिले ५ मधून आला आहे. गुणाकार बरोबर, गृहीतक चूक. प्रत्येक मुदत पाच वर्षांची नव्हती.

१९६२ ते १९७२ ही दहा वर्षे पूर्ण धरता येतात. १९७४ च्या पोटनिवडणुकीत उरलेल्या मुदतीपुरतीच आमदारकी मिळाली. ती उरलेली मुदतही नेहमीपेक्षा लांबली, कारण आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेची मुदत सहा वर्षांची झाली आणि १९७७ ऐवजी फेब्रुवारी १९७८ मध्ये निवडणूक झाली. १९७८ ची विधानसभा दोनच वर्षे टिकली. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारने पवारांचे सरकार घालवले, राष्ट्रपती राजवट आली, आणि जूनपर्यंत महाराष्ट्रात कोणीच आमदार नव्हते. १९८० ते १९९५ हा अखंड काळ पंधरा वर्षांना थोडा कमी. १९९९ ते २०१९ वीस.

बेरीज पन्नासच्या आसपास येते. ‘पन्नास वर्षे आमदार’ म्हणा, कोणी हरकत घेणार नाही. काही ठिकाणी ५७ असाही आकडा दिसतो. तो २०१९ मधून १९६२ वजा करून काढलेला आहे आणि त्यात सभागृहाबाहेरची वर्षेही मोजली आहेत.

‘मंत्रिपद कधी घेतले नाही’

दोनदा घेतले. पहिल्यांदा १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या म्हणजे पुलोदच्या सरकारात, जे वर सांगितल्याप्रमाणे फेब्रुवारी १९८० मध्ये गेले. दुसऱ्यांदा १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. रोजगार हमीचे खाते सांगोल्यासारख्या कायम टंचाईच्या तालुक्यातल्या आमदाराकडे असणे हा नुसता योगायोग वाटत नाही. २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढला आणि ते मंत्रिपदही संपले. दोन्ही मिळून चारेक वर्षे.

‘पन्नास वर्षांतला बहुतेक काळ विरोधी बाकावर’ असे कोणी लिहिले तर ते बिनचूक ठरेल. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. पण ‘सत्तेला शिवले नाहीत’ हे त्यांच्याबद्दल खरे नाही, आणि मंत्री होणे हा काही डाग नव्हे की लपवावा.

‘२०१९ ला शहाजीबापूंनी हरवले’

२०१९ ला गणपतराव देशमुख उभेच नव्हते. वयामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. शेकापचे उमेदवार होते त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख. शिवसेनेकडून शहाजीबापू पाटील जिंकले, अवघ्या ७६८ मतांनी. १९९५ चा विजेता तोच, जागा तीच, पराभूत पक्ष तोच आणि आडनावही तेच, म्हणून दोन निवडणुकांची सरमिसळ होते. पुढे २०२२ मध्ये गुवाहाटीच्या ‘काय झाडी, काय डोंगर’मुळे शहाजीबापू घराघरांत पोहोचले आणि मग ‘यांनीच आबासाहेबांना घरी बसवले’ हे वाक्य आणखी पसरले. त्यांनी आबासाहेबांना हरवले हे खरे, पण ते १९९५ मध्ये. मतांच्या हिशेबात एक गंमत आहे. शहाजीबापूंचे सांगोल्यातले दोन्ही विजय चोवीस वर्षांच्या अंतराने आले आणि दोन्हींची आघाडी एकत्र केली तरी ९६० मते होतात. उलट २०१४ मध्ये, आबासाहेबांच्या शेवटच्या निवडणुकीत, हेच शहाजीबापू शिवसेनेचे उमेदवार असताना २५ हजारांहून अधिक मतांनी मागे पडले होते. मोदी लाटेच्या त्या वर्षी राज्यातले चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले होते.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. त्यांच्या विजयाला ‘बारावा’ म्हणणेही आता सुरू झाले आहे. ती मोजणी घराण्याची करायची असेल तर करावी, गणपतरावांच्या खात्यात ती जात नाही.

‘देशात दुसरा नाही’

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ११ विजयांच्या बरोबरीला कोणी पोहोचलेले नाही. देशाचे तसे नाही.

एम. करुणानिधी तमिळनाडूत १९५७ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले आणि विधानसभेची एकही निवडणूक हरले नाहीत. २०१४ ला देशमुखांनी त्यांचा विक्रम मोडल्याचे सांगितले जाते, पण तेव्हा करुणानिधींचे २०११ पर्यंतचे १२ विजय झालेले होते. यावर उत्तर येते की करुणानिधींनी मतदारसंघ बदलले. बरोबर आहे. कुळितलै, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, हार्बर, चेपॉक, तिरुवारूर अशी त्यांची यादी सातांची आहे. म्हणून दावा ‘एकाच मतदारसंघातून’ इतका आवळला जातो.

तो आवळूनही टिकत नाही. केरळ काँग्रेसचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून २०१६ पर्यंत १३ वेळा निवडून आले, मध्ये एकही पराभव नाही. १९६५ ची केरळ विधानसभा बहुमताअभावी कधी भरलीच नाही म्हणून ती वगळली, तरी १२ उरतात. केरळातलेच काँग्रेसचे ओमन चंडी पुतुपळ्ळीतून १९७० ते २०२१ या काळात १२ वेळा, तेही सलग, निवडून आले आणि जुलै २०२३ मध्ये निधन होईपर्यंत आमदार होते. ‘सलग’, ‘अपराजित’, ‘एकच मतदारसंघ’, ‘पन्नासहून अधिक वर्षे’ ही चारही विशेषणे एकत्र हवी असतील तर ती या दोघांना लागू पडतात. सांगोल्याच्या मजकुरात ती नकळत उसनी घेतली आहेत.

‘एकच मतदारसंघ’ या शब्दांनाही एक तळटीप लागते, आणि ती देशमुख, मणी, चंडी या तिघांनाही सारखीच लागू आहे. नाव टिकले तरी हद्द टिकत नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४ होत्या, १९६७ ला २७० आणि १९७८ ला २८८ झाल्या. दर वेळी हद्दी हलल्या. २००९ पासून नव्या पुनर्रचनेत सांगोल्याला पंढरपूर तालुक्यातला भाळवणीचा भाग जोडलेला आहे, आणि लोकसभेसाठी सांगोला माढ्यात गेला. म्हणजे २००९ ला वयाची ऐंशी ओलांडलेल्या आमदाराला नव्या गावांमध्ये मते मागावी लागली होती. ‘हक्काचा गड, नुसता अर्ज भरायचा’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

केरळशी तुलना करायचीच असेल तर २०१९ चीही करावी. एप्रिलमध्ये मणींचे निधन झाले, सप्टेंबरमध्ये पालाची पोटनिवडणूक झाली आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे मणी सी. कप्पन यांनी केरळ काँग्रेसकडून ती जागा २,९४३ मतांनी काढून घेतली. महिन्याभरात, २४ ऑक्टोबरला, सांगोल्याचा ७६८ मतांचा निकाल लागला. पुतुपळ्ळीत मात्र २०२३ च्या पोटनिवडणुकीत ओमन चंडींचे पुत्र चांडी ओमन ३७ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. सांगोल्याला शेकापकडे परत यायला पाच वर्षे लागली.